क्रॉस-डॉकवर नवीन लागलाय? मग बोर्डवर आधी सुटणारी गाडी लिहा

कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या ट्रान्सपोर्टमध्ये सुपरवायझर म्हणून नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय. क्रॉस-डॉक म्हणजे माल रॅकवर न चढवता थेट एका गाडीतून दुसऱ्या गाडीत, ते तुम्हाला माहिती आहे, फाइव्ह-एसचे (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) पिवळे पट्टेही फरशीवर मारले असतील, ते परत सांगत नाही.

मला ज्यानं लई छळलं ते एकच. कुठली गाडी कधी उतरवायची त्याचा बोर्ड येणाऱ्या गाड्यांच्या नंबरानं लावायचा, पहिली आली ती पहिली खाली. ऐकायला बरोबरच वाटतं. आता बघा, पहाटे पुण्याहून दोन गाड्या लागल्या. पहिलीत सगळा माल इचलकरंजीचा, तो टेम्पो 10 ला सुटणार आणि तासाभरात पोचणार. दुसरीत आत कोपऱ्यात गगनबावडा लाइनचे, म्हणजे त्या मार्गावरच्या टेम्पोचे, 12 बॉक्स, आणि तो टेम्पो 7 ला हलायलाच पाहिजे कारण पुढं घाट उतरून वैभववाडी गाठायचीय. तुम्ही नंबराप्रमाणं पहिली गाडी उपसत बसला की इचलकरंजीचा माल फरशीवर नुसता पडून, डॉक (गाडी लावून उतरवायची जागा) अडलेला, आणि गगनबावड्याचा ड्रायव्हर हॉर्न मारतोय. हमाल मरमर काम करत असतात तरी बोलणी त्यांनाच बसतात, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून डावीकडं सुटणाऱ्या गाड्या, सुटायच्या वेळेप्रमाणं. पुढं तिचा माल कुठल्या गाडीतून येतोय, किती नग, आणि कितीला फरशीवर आला पाहिजे. मोजायचं उलटं: 7 ला सुटायचं तर पावणेसातला ताडपत्री बांधून तयार, सव्वासहाला मोजणी, म्हणजे साडेपाचला ते 12 बॉक्स खाली पाहिजेत. मग दुसरी गाडी आधी डॉकला. टोयोटाच्या ताईची ओनोंनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून हेच उचललं, पुढच्याला लागेल तेव्हा आणि लागेल तेवढंच मागच्याकडून ओढायचं.

अजून एक रकाना ठेवाच, ई-वे बिलाचा (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) पार्ट-बी, म्हणजे गाडीचा नंबर असतो तो भाग. आपल्याकडं गाडी बदलते, नवीन गाडीचा नंबर चढल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर सोडू नका.

सॉफ्टवेअर विकणारे येतील, मोठी स्क्रीन दाखवतील. माझं मत विचाराल तर आधी मार्कर आणि मॅग्नेटवर जमवा, आणि शिकायचंच असेल तर मुकादमाजवळ उभं राहून शिका, कुठला माल किती वेळ खातो हे त्याला गाडीचं दार उघडल्या उघडल्या कळतं. शिफ्ट संपल्यावर ऑफिसात बसून बोर्ड भरणार असाल तर लावूच नका, तो हिशोब झाला, प्लॅनिंग नव्हे.

सुरुवातीला गोंधळ होणार, घाबरू नका, हात बसतो.

पावसाळ्यात मात्र लाल मॅग्नेट जवळ ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. लाइन बंद झाली की त्या नावावर लाल लावा, तिचा माल गाडीतून उतरवूच नका, नाहीतर फरशीवरची त्याची पट्ट्यातली जागा भरून तो शेजारच्या जागेत सांडतो आणि चालू लाइनीही अडकतात.