राज्य स्पर्धेला निघण्याआधी: १० मीटर एअर पिस्तूलची तयारी

स्पर्धेची तारीख कळली की सरावाचं वेळापत्रक सगळेच आखतात. त्याआधी कॅलेंडरवर एक तारीख लिहून टाका: सामानात शेवटचा बदल करायची. माझ्या मते ती स्पर्धेच्या किमान सहा आठवडे आधीची असावी. त्यानंतर ग्रिप (पिस्तुलाची मूठ) तासायची नाही, ट्रिगरचा स्क्रू फिरवायचा नाही, चष्म्याची काच बदलायची नाही, नवे बूट घ्यायचे नाहीत. क्लबात ६०० पैकी ५५०-५६० मारणारी मुलं राज्य स्पर्धेत वीस-पंचवीस गुणांनी खाली येतात, तेव्हा घरचे म्हणतात, टेन्शन आलं. टेन्शन येतंच. पण बरेचदा त्या मुलाच्या हातात आठवड्यापूर्वी आलेली नवी ग्रिप असते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

पैसा आणि वेळ आधी घालायचा तो ग्रिपवरच. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ यांपैकी कोणतंही मॅच पिस्तूल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडून झाडलं तर छर्ऱ्यावर छर्रा बसवतं. म्हणून सेकंडहँड पण नीट सर्व्हिसिंग झालेलं पिस्तूल मिळत असेल तर बिनधास्त घ्या. ग्रिप मात्र तुमच्याच हाताची हवी. ती तपासायची पद्धत सोपी आहे. डोळे मिटून पिस्तूल उचला, टार्गेटच्या दिशेने हात स्थिरावू द्या आणि मग डोळे उघडा. फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची पट्टी) मागच्या साइटच्या खाचेत बरोबर मध्ये आणि दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत दिसल्या, तर ग्रिप बसली. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर कुठेतरी लाकूड जास्त आहे किंवा कमी. जास्त असेल तिथे कानस आणि पॉलिश पेपर, कमी असेल तिथे एम-सील किंवा लाकडाची पुट्टी. पातळ थर द्या, पूर्ण सुकू द्या, दोन-तीन दिवस त्यावर सराव करा आणि मगच पुढच्या थराचा विचार करा. मनगटाला ग्रिपचा आधार मिळता कामा नये, ते मोकळं राहिलं पाहिजे, आणि हात चिकटेल असं काही ग्रिपला लावता येत नाही. मुंबई-कोकणच्या घामाला छोटा नॅपकिन हाच उपाय.

एवढा खटाटोप कशासाठी, ते एका हिशेबात कळतं. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३२० मिलिमीटर अंतर असतं. फ्रंट साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे दहाचा सात होतो. उलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात १ मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच हलतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि छर्ऱ्याची कड त्या रेषेला टेकली तरी दहा मिळतात, त्यामुळे हाताचं थोडंफार डोलणं त्यात खपून जातं. साइट वाकडी झालेली मात्र खपत नाही. म्हणून नजर फ्रंट साइटवर ठेवायची, काळा गोल धूसर दिसला तरी दिसू द्यायचा आणि नेम काळ्याच्या खालच्या पांढऱ्यात धरायचा.

ट्रिगरचा नियम: तो ओढायला लागणारं वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी नको. स्पर्धेआधीच्या सामानाच्या तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावतात आणि पिस्तुलाने ते उचलून धरावं लागतं. काठावर सेट केलेला ट्रिगर घरी पास होतो आणि तपासणीच्या टेबलावर नापास. थोडी मोकळीक ठेवून ५१०-५२० वर ठेवा. क्लबात वजन असेल तर त्यावर दर आठवड्याला तपासा. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो. बहुतेकांना पहिल्या टप्प्यात जास्त भार आणि दुसऱ्यात थोडा, अशी विभागणी सोयीची पडते, कारण पहिला टप्पा घेतला की बोटाला आपण कुठे आहोत ते नेमकं कळतं.

आता सराव. यादीतला हा सगळ्यात मोठा आणि बिनखर्चाचा भाग, तरीही सगळ्यात जास्त टाळला जाणारा. रोज घरी वीस ते तीस मिनिटं ड्राय करा, छर्ऱ्याशिवाय, कोऱ्या भिंतीसमोर. आधी पिस्तूल रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरातल्यांना सांगून ठेवा की या वेळात इकडे कोणी यायचं नाही. मॅच पिस्तुलात ड्रायची सोय असते. स्प्रिंगची एअरगन मात्र छर्ऱ्याशिवाय कधीच झाडू नका, आतला पिस्टन खराब होतो.

कोरी भिंत का, तर टार्गेट नसलं की डोळ्याला साइटशिवाय बघायला काही उरत नाही. पिस्तूल उचला, नेमाच्या जागेच्या वर न्या, श्वास सोडत खाली आणा, पहिला टप्पा घ्या, साइट जुळलेली बघत दाब वाढवत राहा. ‘आता’ म्हणून बोट ओढू नका. ट्रिगर सुटला त्या क्षणी फ्रंट साइट कुठे होती ते मोठ्याने बोला: मध्ये, डावीकडे, खाली. सुटल्यावरही दोन सेकंद तसंच धरून ठेवा, यालाच फॉलो थ्रू म्हणतात. फ्रंट साइट खाली झुकली तर बहुतेक वेळा सगळी मूठ आवळली गेलेली असते. बोट एकटं हललं पाहिजे, बाकीची मूठ उचलताना जेवढी घट्ट होती तेवढीच राहिली पाहिजे. हे कळायला स्कोर लागत नाही. रेंजवर सात लागला की आपण सातच्या काळजीत पडतो आणि तो का लागला ते बघायचं राहून जातं.

ड्रायमध्येच आणखी एक सवय लावा: खाली ठेवण्याची. स्थिर झाल्यावर आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर पिस्तूल खाली. डोळा थकतो, हात थकतो, आणि त्यानंतर सुटलेला शॉट नशिबावर असतो. दर दहा ड्रायमध्ये दोन-तीन मुद्दाम अर्धवट सोडा, म्हणजे स्पर्धेत खाली ठेवताना लाज वाटत नाही. मुलांना वाटते, कारण शेजारच्या लेनवर धडाधड शॉट सुटत असतात. मला तरी दहा मारण्याइतकंच हे कौशल्य महत्त्वाचं वाटतं.

शेवटी होल्डिंग: पिस्तूल उचलून पंधरा-वीस सेकंद धरायचं, मग तेवढाच आराम. खांदा दुखला तर त्या दिवशी बंद. पोट, कंबर आणि पाठीचा व्यायाम आठवड्यातून तीनदा पुरेसा. जड डंबेल्स स्पर्धेच्या पंधरवड्यात नकोत.

रेंजवरच्या सरावात एक दिवस उलट्या लावलेल्या, कोऱ्या टार्गेटवर फक्त ग्रुपिंगसाठी (छर्रे एकाच जागी जमवायला) ठेवा, एक दिवस पूर्ण स्पर्धेसारखा. पूर्ण म्हणजे पूर्ण: पंधरा मिनिटं तयारी आणि सायटिंग (गुण न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट्स), मग इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट्स ७५ मिनिटांत. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. कागदी टार्गेटला ९० मिनिटं मिळतात, पण टार्गेट बदलण्यात वेळ जातो. राज्यात दोन्ही प्रकारच्या रेंज आहेत, तेव्हा तुमची स्पर्धा बालेवाडीला आहे, वरळीला की आणखी कुठे, आणि टार्गेट कोणतं, हे आधी विचारून तसाच सराव करा. मध्ये पाणी पिण्याची, खुर्चीवर बसण्याची वेळही ठरवून ठेवा. मागे स्पीकरवर टाळ्या-गोंगाट लावा. अधूनमधून साठ शॉट्स संपल्यावर, दमलेले असताना, एका शॉटचा शूट-ऑफ (बरोबरी सोडवणारी लढत) खेळा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण शूट-ऑफमध्ये जिंकलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली सरबज्योत सिंग १० मीटरच्या पात्रता फेरीत ५७७ गुण करूनही नववा आला आणि आठ जणांच्या अंतिम फेरीला मुकला. आठव्याचेही ५७७ होते, फक्त आतल्या दहांमध्ये (दहाच्या वर्तुळातल्या छोट्या गोलात लागलेल्या शॉट्समध्ये) एक जास्त. त्यामुळे साठावा शॉट पहिल्याइतक्याच शांतपणे सोडायची सवय सरावातच लागायला हवी.

छर्रे चपट्या तोंडाचे, ४.५ मिलिमीटरचे, चांगल्या कंपनीचे घ्या आणि एकाच बॅचचे पुरेसे डबे एकदम घेऊन ठेवा. ४.४९ की ४.५० यावर नवशिक्यांनी डोकं शिणवू नये. मागची कड दबलेले छर्रे मात्र वेगळे काढा. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका. छर्रे शिशाचे असतात आणि आपल्याकडे शाळेतली मुलं हा खेळ खेळतात, म्हणून हे वारंवार सांगावं लागतं.

पिस्तुलाच्या हवेच्या सिलेंडरवर उत्पादनाची तारीख असते. दहा वर्षं झाली असतील तर तो स्पर्धेत वापरता येत नाही, आणि ती जबाबदारी खेळाडूची असते. सेकंडहँड पिस्तूल घेताना ही तारीख आधी बघा. हवा सावकाश भरा, ओलावा जाऊ देऊ नका. सायटिंगसह पूर्ण स्पर्धा एका भरण्यात होते का, ते सरावात पाहून ठेवा.

चष्मा असलेल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिस्तूल धरल्यासारखा हात लांब करून दाखवावा, कारण स्पष्ट दिसायला हवं ते हाताच्या टोकाशी. बूट सपाट तळाचे आणि घोट्याच्या खालपर्यंतचेच.

बिघाडाची तालीम बहुतेक जण करत नाहीत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर ती बारावी राहिली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्य जिंकलं. आपल्याकडे दुसरं पिस्तूल प्रत्येकाकडे नसतं. पण क्लबातलं, तुमच्या हाताला बऱ्यापैकी जमणारं एखादं तपासणीतून पास करून घेता येईल का, हे प्रशिक्षकांना आधीच विचारा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर जादा बॅटरी, शिवाय अॅलन की, ओ-रिंग, छोटा स्क्रूड्रायव्हर बॅगेत हवेत. बिघाड झाला तर काय करायचं, तेही सरावात एकदा करून बघा: नळी टार्गेटकडेच, पिस्तूल खाली टेबलावर, हात वर, रेंज ऑफिसर येईपर्यंत काही उघडायचं नाही.

औषधांबद्दल पालकांनी गंभीर व्हावं. रक्तदाब, मायग्रेन किंवा धडधडीसाठी दिले जाणारे बीटा ब्लॉकर नेमबाजीत बंदी घातलेल्या यादीत आहेत, स्पर्धेच्या काळात आणि एरवीही, कारण ते हाताचा कंप कमी करतात. सर्दीच्या काही गोळ्यांतही स्पर्धेच्या काळात न चालणारी द्रव्यं असतात. खेळाडू आहे हे डॉक्टरांना सांगा आणि घेत असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव तपासून घ्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी बॅग भरा: पिस्तूल, केशरी किंवा भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवायला नळीत सतत असलेला), सिलेंडर, छर्रे, चष्मा, डोळा झाकायची पट्टी, कानातले प्लग, नॅपकिन, पाण्याची बाटली, डायरी. कागदांची वेगळी फाइल करा: नेमबाजाचं ओळखपत्र, आधार, जन्मतारखेचा दाखला, प्रवेशिकेची प्रत, पिस्तुलाचं बिल. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, तरी एसटीत किंवा स्टेशनवर केस उघडून बघितली गेली तर बिल आणि प्रवेशिका पुढे करता आली पाहिजे. विमानाने जात असाल तर कंपनीला आधी कळवा, तिचे नियम विचारून घ्या आणि सिलेंडर रिकामा करा.

सकाळचं खाणं नेहमीचंच: पोहे, उपमा, केळं. रोज चहा घेणाऱ्याने चहा घ्यावा, न घेणाऱ्याने झोप उडवायला त्या दिवशी कॉफी घेऊ नये. पिस्तुलाच्या हातात घड्याळ, कडं, ब्रेसलेट चालत नाही. देवाचा दोरा, राखी, गंडा यावरून टेबलाशी वाद घालण्यापेक्षा आदल्या रात्री घरीच तो दुसऱ्या हाताला बांधा. आजीला आधी सांगितलं तर तीच बांधून देईल.

तपासणीसाठी आपल्या डिटेलच्या (आपल्या तुकडीच्या ठरलेल्या वेळेच्या) तासभर आधी पोहोचा. लेनवर उभं राहिल्यावर पाय ठेवण्याची जागा आधी जुळवा: डोळे मिटून हात उचला, उघडल्यावर नेम बाजूला गेला असेल तर हात वळवू नका, मागचा पाय सरकवा. सायटिंगचे शॉट्स संपवायची घाई नको, पण सगळी पंधरा मिनिटं दमवणाऱ्या शॉट्समध्ये घालवू नका.

साठ शॉट्स झाल्यावर पिस्तूल रिकामं दाखवा, फ्लॅग घाला, हात धुवा, डायरीत दोन ओळी लिहा. स्पर्धेनंतरही कोणालाही पुन्हा तपासणीला बोलावतात आणि त्यात ट्रिगर हलका निघाला तर निकाल रद्द होतो. तेव्हा अंतिम यादी लागेपर्यंत ट्रिगरच्या स्क्रूला हात लावू नका, आणि पिस्तूल दुसऱ्या कोणाला ‘जरा बघू’ म्हणून देऊ नका.