पक्षी गेल्यावर नांदूरमध्यमेश्वरला

"आता कशाला चाललात? पक्षी तर गेले सगळे." निफाडहून खाणगाव थडीला सोडताना रिक्षावाल्या दादांनी विचारलं तेव्हा एप्रिल सरत आला होता. मला उत्तर सुचलं नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. एमएस्सीला दोन महिन्यांचं फील्डवर्क सक्तीचं, हिवाळ्यात परीक्षा, म्हणून वाट्याला उन्हाळा आला. नाशिक जिल्ह्यातलं हे नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य म्हटलं की डोळ्यांसमोर थंडीतली बदकं आणि मनोऱ्यावरची गर्दी. मे महिन्यात तिथे काय, तर चिखल.

आज कुणी ज्युनिअर विचारायला आली तर मी तिला उन्हाळ्यातच जा म्हणते. पाणी भरलेलं असताना सगळं सारखं चकचकीत दिसतं. ते उतरलं की गाळ कुठे साचलाय, कुठल्या नाल्याला वास येतोय, कुणाची मोटर कुठवर पुढे सरकलीय, उघड्या पात्रात गाळपेर, म्हणजे गाळावरची पेरणी, कुणी केलीय, सगळं उघडं पडतं.

जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, मला ती उशिरा समजली. ही पाणथळ आपोआप झालेली नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. त्यामागे शंभरेक वर्षं गाळ बसत गेला. त्यातून उथळ पाणी, बेटं, पाणकणीस आणि मग पक्षी. १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० साली रामसर यादीतली, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतली, महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून जाहीर झालं. पण बंधाऱ्याचं मूळ काम सुटलेलं नाही. गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे इथूनच निघतात. वरच्या धरणांतून पाणी सुटतं, इथे थांबतं, कालव्यात जातं. म्हणजे इथली पाण्याची पातळी ऊन-पावसाइतकीच आवर्तनाच्या, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक पाळीनं पाणी सोडण्याच्या, वेळापत्रकावर चालते.

आमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. साडेनऊला परत, कारण त्यानंतर निफाडचं ऊन उभं राहू देत नाही. पुन्हा साडेचार ते अंधार पडेपर्यंत. ठरलेल्या सहा जागी पाण्याचे नमुने, ठरलेल्या पट्ट्यात पक्ष्यांची मोजणी, आठवड्यातून दोनदा जलपर्णी काढणं. ऐकायला रोमांचक वाटतं. प्रत्यक्षात तीच जागा, तीच बाटली, तोच तक्ता. पहिल्या दहा दिवसांत मी दोनदा घरी जायचा विचार केला.

पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजणं हे माझं काम. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, आत बुडबुडा राहू न देता भरायची. मग त्यात एकामागून एक दोन द्रावणं सोडायची आणि बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. एका नाल्याच्या तोंडाशी माझा साका जवळजवळ पांढरा आला. मी हुरळले, "सापडलं प्रदूषण!" आमच्या गटातल्या ताईंनी एवढंच विचारलं, "किती वाजता घेतलं?" वहीत वेळ नव्हती. रात्रभर पाणवनस्पती आणि जिवाणू ऑक्सिजन वापरत असतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. दुपारी त्याच जागी आकडा कितीतरी वर जातो. मी काही जागा सहाला घेतल्या होत्या, काही नऊला, आणि त्यांचीच आपसात तुलना करत बसले होते. एका आठवड्याची सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः.

तेव्हापासून पानाच्या डोक्यावर तारीख, वेळ, आभाळ, वारा आणि पाणी चढतंय की उतरतंय, हे आधी लिहून मगच बाटलीला हात. आणि पेन्सिलनं लिहा. पेनची शाई पहिल्या शिंतोड्याला पसरते.

मात्र खरी चूक याहून मोठी होती. शेकाट्या उन्हाळ्यात इथे घरटी करतो. लांबलचक गुलाबी पायांचा, चार पावलं पुढे गेलात की डोक्यावर घिरट्या घालत ओरडणारा पक्षी. एका चिखलाच्या उंचवट्यावर आम्हाला त्याची अकरा घरटी मिळाली. घरटं म्हणजे काय, चिखलात काड्यांची बशी आणि त्यात मातीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली अंडी. आम्ही दुरूनच नकाशा काढला, नंबर दिले, फार खूश झालो. पाचव्या दिवशी पहाटे गेलो तर उंचवटाच नव्हता. रात्रीत वरून पाणी आलं होतं. अकरातली चार घरटी वर होती. त्यातल्या एका घरट्यावर मादी काठावरच्या काड्या चोचीनं ओढून अंड्यांखाली सारत होती. घरटं उंच करत होती. आम्ही तासभर काही न बोलता तेवढंच पाहिलं.

काठावर जाळं झटकत असलेले एक काका म्हणाले, "आवर्तन सुटणार हे आम्हाला चार दिस आधीच ठाव होतं. तुम्ही विचारलं का?" नव्हतं विचारलं. शोधनिबंध वाचून गेलो होतो, ॲपमध्ये नोंदी भरत होतो, आणि रोज ज्यांच्या शेजारून जायचो त्यांना साधं विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी रोज अर्धा तास काकांच्या होडीपाशी घालवला. कुठल्या डोहात चिलापी वाढली, मरळ कुठे मिळेनाशी झाली, जलपर्णी कुठून वाहत येते, हे सगळं तिथेच कळलं. द्राक्षवाल्यांशी बोलायचं तर खरड छाटणीच्या, म्हणजे वेलींच्या उन्हाळी छाटणीच्या, धामधुमीत जाऊ नका, संध्याकाळी चहाच्या वेळी जा. आणि जाताच "तुम्ही किती पाणी उपसता?" असं विचारू नका. मी विचारलं होतं. चहा मिळाला, उत्तर नाही.

जलपर्णीबद्दल थोडक्यात. ती काढून काठावरच टाकलीत तर पाणी वाढल्यावर ती परत आत. ढीग पूररेषेच्या वर न्यावा लागतो, आणि ओली जलपर्णी वाहणं म्हणजे काय हे पाठीलाच कळतं. बेशरमाचं झुडूपही तसंच, तोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला की मुळं धरतो. शिवाय काढण्याआधी आत कुणाचं घरटं नाही ना, ते बघा.

आता कामाचं. अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नमुने घेता येत नाहीत, आणि त्याला वेळ लागतो. फेब्रुवारीतच अर्ज करा. मानधन बहुतेक ठिकाणी नसतं, राहण्या-जेवणाचं आधीच स्पष्ट विचारा. यात लाजायचं काही नाही. कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. गमबूट नकोत, गाळात रुततात आणि पाय तेवढा बाहेर येतो. जुने, नाडीचे कॅनव्हास बूट बरे. अनवाणी तर अजिबात नको, गाळात काचा असतात. गाळात एकट्यानं उतरू नका, पोहता येत असलं तरी. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते, आणि पहिल्या वर्षी कुणाची तरी मागून घ्या.

मे संपताना काकांचा स्वतःहून फोन आला. "परवा पाणी सुटतंय. तुमच्या अंड्यांचं बघा." अंडी उचलायची नसतात. आम्ही दुसऱ्या दिवशी उजाडताच जाऊन उरलेल्या आणि नव्या घरट्यांची पाण्यापासूनची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून घेतली, दर घरट्यामागे दोन मिनिटं, आणि पाणी चढल्यावर परत जाऊन कुठली टिकली ते लिहिलं. माझ्या प्रबंधातला तो एकच तक्ता आहे ज्याबद्दल तोंडी परीक्षेत मला वीस मिनिटं प्रश्न विचारले गेले. काकांना त्याची प्रत दिली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "सात नंबरचं घरटं तू चुकीच्या जागी दाखवलंय, ताई."