पुणे विद्यापीठ पायी कसं पाहावं : गणेशखिंडीपासून आयुकापर्यंत

पुण्यात पाहुणे आले की शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग आणि वेळ उरला तर सिंहगड. विद्यापीठ त्या यादीत सहसा नसतं. 'तिथं काय बघायचं? मार्कशीट आणायला जातात तिथं,' असं माझ्या साताऱ्याच्या मावशीचं ठाम मत होतं. तिला मी डिसेंबरातल्या एका सकाळी साडेसातला घेऊन गेलो. अकरा वाजले तरी ती निघायचं नाव घेईना. त्यानंतर कितीतरी पाहुण्यांना मी ही फेरी घडवली आणि त्यातूनच हा मार्ग पक्का होत गेला. चालणं चार-पाच किलोमीटर. रमतगमत गेलात तर तीन तास हाताशी ठेवा.

आधी वार आणि वेळ ठरवा

रविवारी शांतता असते, पण दारं बंद असतात. कामाच्या दिवशी दारं उघडी, पण साडेदहानंतर दुचाक्यांची रांग लागते. म्हणून माझं ठरलेलं उत्तर असं : कामाचाच दिवस घ्या आणि आठच्या आत पोचा. बाहेरून बघायच्या गोष्टी कार्यालयं उघडण्याआधी उरकतात, आत शिरायच्या गोष्टी दहानंतर.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आवार फार देखणं दिसतं, पण दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं. गुळगुळीत तळाची चप्पल घालून एकदा मी तिथं असा काही बसलो की पुढचा आठवडा मऊ उशी शोधत होतो. तेव्हा बूट घाला. सोबत पाण्याची बाटली आणि ओळखपत्र ठेवा. फाटकावर कुणी विचारलं तर 'आवार बघायला आलोय' असं सरळ सांगायचं, उगाच कुठल्या विभागाचं नाव घेऊ नये.

शिवाजीनगरकडून औंध, बाणेर, पाषाणकडे जाणाऱ्या बस विद्यापीठापाशी थांबतात. गाडी शक्यतो आणू नका. विद्यापीठ चौकातली वाहतूक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिथला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, तेव्हापासून तर पुणेकर या चौकाबद्दल एकमेकांशी सहानुभूतीनंच बोलतात.

फाटकातून आत जाण्याआधी दोन मिनिटं थांबा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

मुख्य प्रवेशद्वारापाशी उभं राहून शहराकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघा. हा गणेशखिंड रस्ता. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आतल्या गव्हर्नरच्या बंगल्यात झाला. तो आटोपून परतणाऱ्या बग्ग्या याच रस्त्यानं शहराकडे निघाल्या होत्या. प्लेग समितीचा अध्यक्ष रँड एका बग्गीत, लेफ्टनंट आयर्स्ट मागच्या बग्गीत. 'गोंद्या आला रे' या खुणेवर चाफेकर बंधूंनी दोघांवर गोळ्या झाडल्या, ती खूण पुण्यात अजून म्हणून दाखवतात. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढं तिघेही चाफेकर भाऊ फासावर गेले.

आता फाटकावरचं नाव वाचा : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. सावित्रीबाईही १८९७ मध्येच गेल्या, १० मार्चला, त्याच प्लेगनं. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. म्हणजे एकाच वर्षात, एकाच साथीत, साडेतीन महिन्यांच्या अंतरानं या दोन्ही घटना घडल्या. त्या जूनमध्ये आत रोषणाई चालली होती, तेव्हा या जागेला पुढं कुणाचं नाव लागेल हे तिथल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. ते नाव लागायला २०१४ साल उजाडलं. सोबत शाळकरी मुलं असतील तर त्यांना हे फाटकावरच सांगा. आत गेल्यावर ती खारींच्या मागं पळतात.

मुख्य इमारतीकडे चालत जा, रिक्षानं नाही

फाटकापासून मुख्य इमारत दहा-बारा मिनिटांवर आहे. दोन्ही बाजूंना जुनी झाडं आहेत. त्यांतली छत्रीसारखी पसरलेली, ज्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडतात, ती वर्षावृक्षाची. याची पानं संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात. उन्हाळ्याच्या तोंडाला काळ्या शेंगा रस्त्यावर पडतात आणि गाड्यांखाली चिरडून गुळाच्या काकवीसारख्या चिकट होतात. बुटाला काहीतरी चिकटलं आणि पाऊल उचलताना 'चर्र' आवाज आला की समजायचं, वर वर्षावृक्ष आहे.

मग झाडं मागं पडतात आणि मनोरा दिसतो. लगेच फोटो काढत सुटू नका. आधी हिरवळीच्या या बाजूनं, लांबून बघा.

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं हे पावसाळी निवासस्थान. त्याआधी त्याचं पुण्यातलं बिऱ्हाड दापोडीला होतं. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये गणेशखिंडीतलं हे बांधकाम सुरू झालं आणि १८७१ मध्ये संपलं. वास्तुरचना जेम्स ट्रबशॉ यांची. नमुना इंग्लंडातल्या वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न या राजवाड्याचा, राणीच्या नवऱ्यानं हौसेनं बांधून घेतलेल्या. आता हे सुरू झालं ते साल ध्यानात घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद पडल्यानं मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि इलाख्यात पैसा खुळखुळत होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, मुंबईचा शेअरबाजार कोसळला, पण गव्हर्नरसाहेबांचा बंगला काही थांबला नाही. खर्चावरून त्याही काळी बरीच ओरड झाली.

इमारत बघायची रीत अशी. मनोरा सुमारे ८० फुटी आहे. त्याला मध्य धरून डावी-उजवी बाजू ताडून पाहा, दोन्ही सारख्या नाहीत. एका अंगाला दरबाराचा भाग आणि दुसऱ्या अंगाला राहण्याचा, अशी ती वाटणी होती. मग जवळ जाऊन कमानींखाली उभं राहा आणि भिंतीला हात लावा. इंग्रजी राजवाड्याचा नमुना असला तरी दगड आपला काळाच. एप्रिलच्या दुपारीही त्या कमानींखाली गार वाटतं. आत संत ज्ञानेश्वर सभागृह आहे. कार्यक्रम किंवा बैठक नसेल तर विनंती करून डोकावता येतं, पण हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. इमारतीखालच्या भुयाराच्या गोष्टी इथं कुणीही सांगेल. भुयार शनिवारवाड्यापर्यंत जातं असं कुणी सांगू लागलं तर मान डोलवावी आणि पुढं चालावं.

इमारतीसमोर सावित्रीबाईंचा पुतळा आहे, २०२२ मध्ये बसवलेला. फोटो काढायचाच असेल तर पुतळा आणि मनोरा एका चौकटीत येतील असा काढा. सकाळी ऊन कुठून येतंय ते बघून चार पावलं इकडंतिकडं सरकावं लागतं.

ग्रंथालय बाहेरून, कॅन्टीन आतून

विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ ला. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सुरुवातीचं कार्यालय भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहात होतं. मग बाळासाहेब खेरांच्या सरकारनं गणेशखिंडीतली ही ४११ एकर जागा दिली. जयकरांच्या नावाचं ग्रंथालय हा पुढचा थांबा. सभासद नसाल तर आत बसता येत नाही, पण सकाळी बाहेरचं दृश्यही बघण्यासारखं असतं. पाठीवर सॅक, हातात डबा आणि तोंडानं राज्यघटनेची कलमं पुटपुटणारी मुलं. परभणी, धुळे, गडचिरोली, कुठून कुठून आलेली. त्यांच्याशी गप्पा मारायचा मोह आवरा, परीक्षा जवळ असते. कुणाची ना कुणाची नेहमीच.

इथवर नऊ-साडेनऊ होतात आणि पोटात कावळे ओरडू लागतात. कुणालाही अनिकेत कॅन्टीन विचारा. चहा, पोहे, वडा असं साधंच मिळतं. टेबल बहुधा दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घ्यावं लागतं आणि शेजारच्या टेबलावर पीएच.डी.च्या मार्गदर्शकाबद्दल जे ऐकू येतं ते बाहेर सांगायचं नसतं. मानवशास्त्रात रस असेल तर त्या विभागात इरावती कर्वे यांच्या नावाचं संग्रहालय आहे. विभागात विचारून वेळ ठरवा.

आयुकासाठी दम राखून ठेवा

कॅन्टीनपासून आयुकापर्यंतची चाल जरा लांब आहे. वाटेत आवारातल्या इतर संस्थांच्या पाट्या दिसतील. त्यांतली एक रेडिओ खगोलभौतिकीच्या राष्ट्रीय केंद्राची. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण आहे, ती चालवणारे लोक इथले.

आयुका म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठ केंद्र. १९८८ मध्ये सुरू झालं, संस्थापक संचालक जयंत नारळीकर, वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. सकाळी बघितलेली मुख्य इमारत डोळ्यांसमोर आणा आणि मग ही बघा. तिथं सगळा थाट वर बघायला लावणारा, इथं इमारती बुटक्या आणि डोळा जमिनीकडे जातो.

एक नीट सांगायला हवं : ही संशोधनसंस्था आहे, बाग नव्हे. फाटकावर परवानगी विचारावी लागते, गट असेल तर आधी लेखी कळवावं. बिनधास्त शिरायचं असेल तर २८ फेब्रुवारीला या. १९२८ मध्ये त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. आयुकाची दारं त्या दिवशी सगळ्यांना उघडी असतात. गर्दी मात्र जत्रेसारखी असते.

आत गेलात तर या क्रमानं बघा. आधी भिंती. खाली साधा काळा दगड, त्याच्यावर आणखी काळा कडप्पा आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ आणि ढग उमटतात. अवकाशाचा काळोख कोरियांनी तीन दगडांत मांडलाय. मग मधलं कुंड. देवळापुढं असतं तसं, दगडी पायऱ्यांचं. इथं आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन असे चौघांचे पुतळे आहेत. आर्यभट दिसायला कसा होता हे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे शिल्पकाराला मोकळं रान मिळालं ते तिथंच. मुलांना म्हणावं, नाव न वाचता चौघांना ओळखा.

शेवटी फुकोचा लंबक. लांब तारेला टांगलेला जड गोळा सावकाश झुलत असतो. आपण समजतो तो एकाच रेषेत झुलतोय, पण खालची पृथ्वी फिरत असल्यामुळं झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. ध्रुवावर हा फेरा एका दिवसात पुरा होईल, विषुववृत्तावर दिशा हलणारच नाही. पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास, म्हणून इथं पूर्ण फेऱ्याला साधारण ७५ तास लागतात. म्हणजे तासाला जेमतेम पाच अंश. मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो, त्याहूनही थोडं कमी. म्हणून तिथं एकटक बघत उभं राहून काही कळत नाही. आल्या आल्या झोक्याची दिशा जमिनीवरच्या एखाद्या खुणेशी जुळवून ठेवा, बाकी सगळं बघा आणि तासाभरानं परत या.

त्या तासात 'पुलस्त्य' बघून होतं. मुलांसाठीच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ही इमारत पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. पुलस्त्य हा सप्तर्षींमधला एक तारा, आणि नावात पहिली दोन अक्षरं पु आणि ल. ही कोटी खुद्द पुलंनाही आवडली असती.

मावशीला मी लंबकापाशी दुसऱ्यांदा आणलं तेव्हा तिनं पदर सावरला, वाकून खूण बघितली आणि म्हणाली, 'सरकलाय रे! चल, आणखी एक चहा घेऊन परत येऊ.'