मुंबईत अ‍ॅस्टिल्बी हवी? मग या चुका टाळा

लग्नाच्या सजावटीच्या फोटोंत गुलाबांच्या मधून डोकावणारे मऊ, पिसासारखे गुलाबी-पांढरे तुरे दिसतात ना, ती अ‍ॅस्टिल्बी. ते फोटो बघून काहीजण ऑनलाइन कंद मागवतात, तर काहीजण फुलवाल्यासमोर मोबाईल धरून ‘सेम टू सेम हेच’ म्हणतात. यातलं दुसरं जमतं. पहिल्यावर मुंबईत पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बाल्कनीत कंद लावणं

अ‍ॅस्टिल्बी ही चीन, जपान, कोरियातल्या थंड, ओलसर, सावलीच्या जागांची वनस्पती. तिची एक जात हिमालयातही रानात उगवते. बागेतल्या बऱ्याचशा रंगीत जाती जर्मनीतले रोपवाटिकाकार गेओर्ग आरेंड्स (१८६३–१९५२) यांच्या संकरांतून आल्या. या सगळ्या जातींची पानं हिवाळ्यात सुकून जातात आणि जमिनीतला कंद कित्येक आठवडे कडाक्याच्या थंडीत झोपतो. ती झोप झाली तरच पुढे तुरा येतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १६ अंशांवर आला तरी लोक कपाटातून स्वेटर काढतात. कंदाला ती थंडी पुरत नाही.

कुंडीत होतं ते असं: कोंब येतो, पानंही छान येतात, आणि मार्चच्या शेवटी पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरायला लागतात. पाणी कमी पडतंय असं वाटून माणूस दोन वेळा पाणी घालू लागतो. माती ओलीच असते, पण उन्हाळ्यात पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मुळांना ओढता येत नाही. वरून घातलेलं पाणी फक्त मूळ कुजवतं. शंका आली तर कंद उकरून दाबून बघा. टणक असेल तर जिवंत आहे, बोट आत गेलं आणि कुबट वास आला तर कुंडी मोकळी करा. पावसाळ्याची वाट बघण्यात अर्थ नाही, उरलेसुरले कंद जूनमध्ये सडतात.

कंद फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवण्याचा उपाय सांगितला जातो. थंडी मिळते हे खरं. पण बाहेर काढल्यावर तिला थंडगार वसंत लागतो, आणि आपण देतो मुंबईचा मार्च.

निळ्या अ‍ॅस्टिल्बीचं बी तर मुळीच घेऊ नका. तुरे पांढरे, गुलाबी, पीच, लाल, जांभळट असतात. निळा रंग फोटोतला किंवा डाय केलेला.

मग तुरे हवेतच तर?

तुऱ्याचा कोंबडा लावा, नर्सरीत सेलोशिया म्हणून मिळतो. श्रावणात ज्याची भाजी करतो त्या कुरडूचाच हा बागेतला भाऊ. पाऊस ओसरल्यावर बी मातीवर नुसतं भुरभुरवायचं, खोल पुरायचं नाही. इथे एक चूक हमखास होते. अ‍ॅस्टिल्बीच्या जागी लावायचा म्हणून लोक त्याला सावलीत ठेवतात आणि तो लांबट, फिका होतो. त्याला पाच-सहा तास ऊन लागतंच. उत्तरेकडच्या अंधाऱ्या बाल्कनीत तुऱ्यांचा हट्ट सोडून नेचे लावावेत.

कापलेली अ‍ॅस्टिल्बी कोमेजते का?

हिची तहान विलक्षण. बारीक फुलं शेकड्यांनी, त्यामुळे पाणी उडतंही तितकंच. पाण्याविना थोडा वेळ ठेवली तरी शेंडा मान टाकतो. म्हणून गजरा, वरमाला यांत ती घालूच नये. बुकेत घालायची तर देठाला पाण्याची छोटी नळी लावा.

घेतानाच बघा: अर्ध्याहून जास्त फुलं उमललेली हवीत, कारण कापल्यावर मिटलेल्या कळ्या सहसा उघडत नाहीत. दांडी हलकेच झटका. फुलं गळाली किंवा टोकाला तपकिरी झाक दिसली तर शिळी. हातात आली की खालची पानं काढून, देठ तिरके कापून स्वच्छ बादलीत खोल पाण्यात दोन-तीन तास थंड खोलीत उभी करा. मगच मांडणी. मान टाकलेली दांडीही पुन्हा कापून अशीच ठेवली तर पुष्कळदा सावरते.

दादरच्या बाजारात मोगऱ्या-शेवंतीवर पाणी शिंपडतात, ती सवय इथे नडते. ओला तुरा आपल्या दमट हवेत वाळत नाही, फुलं चिकटून गोळा होतात आणि त्यात बुरशी धरते. पाणी देठाला द्यायचं, तुऱ्याला नाही.

सगळे ज्याला ओएसिस म्हणतात तो फुलं खोचायचा हिरवा स्पंज पाण्यात दाबून बुडवू नका. आत कोरडे कप्पे राहतात आणि नेमकी हीच दांडी तिथे बसते. तो आपोआप खाली जाऊ द्या. एसीच्या थेट झोतात फुलदाणी नको. मे महिन्यात हापूसच्या पेटीशेजारीही नको, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर गळतात. एवढं सांभाळूनही आठवडाभर टिकली तर भरून पावलं समजा.

युरोपात हिचा मूळ हंगाम उन्हाळ्याचा, साधारण जून ते ऑगस्ट. आपली लग्नं असतात डिसेंबरात. त्यामुळे मिळेलच असं धरून थीम ठरवू नका. फुलवाल्याशी आधी बोला आणि बदली फूल म्हणून सेलोशिया किंवा गोल्डन रॉड (बारीक पिवळ्या फुलांचे तुरे) तेव्हाच पक्कं करा.

तुरे उलटे टांगून वाळवताही येतात, फक्त जुलैत नको. त्या हवेत ते वाळायच्या आधीच काळे पडतात. दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की अंधाऱ्या कपाटात टांगा, रंगही बऱ्यापैकी राहतो.