जेंडर असेसमेंटला जाताय? आधी हे वाचा

जेंडर असेसमेंट म्हणजे आपली जेंडरची ओळख जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी आहे असं वाटणाऱ्यांची, म्हणजे ट्रान्स व्यक्तींची, मानसिक तपासणी; इथे जन्माने पुरुष पण स्वतःला बाई मानणाऱ्यांसाठी लिहितोय. आधी एक भीती डोक्यातून काढा, ही पास-नापासची परीक्षा नाहीये. रक्त दिलं की शुगर कळते तसं टेस्ट दिली की "तुम्ही ट्रान्स आहात" असा रिपोर्ट येत नाही, डॉक्टर मुख्यतः तुमच्याशी बोलूनच ठरवतात, टेस्टची त्याला जोड असते.

जायचं सायकियाट्रिस्टकडे नाहीतर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्टर्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, जेंडरच्या केसेस बघता का म्हणून. आणि कोणी "बरं करतो, परत पुरुष करून देतो" म्हणालं तर सरळ उठून या, एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, २०२२ मध्येच अशा ओळख बदलायच्या 'उपचारां'ना (कन्व्हर्जन थेरपी) डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय.

आता प्रश्नावल्या. उट्रेख्ट स्केल नावाच्या प्रश्नावलीत १२ वाक्यं असतात, किती पटतं ते १ ते ५ मध्ये सांगायचं. दुसरी एक २७ प्रश्नांची आहे, मागच्या १२ महिन्यांबद्दल विचारते, जन्माने पुरुष असलेल्यांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे आणि त्यात सरासरी ३ च्या खाली आली तर डिस्फोरियाकडे (शरीर आणि आतली ओळख न जुळल्याने होणारा त्रास) बोट जातं. एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्वाची टेस्ट पण देतात, त्यातली पुरुषी-बायकी स्केल १९४० च्या दशकातल्या अमेरिकेतली, आवडीनिवडी विचारणारी, फुलं आवडतात का वगैरे. त्यावरून कुणी तुमची ओळख ठरवत असेल तर प्लीज मान्य करू नका. फुलं आवडणारे पुरुष ढिगाने आहेत आणि बुलेट चालवणाऱ्या ट्रान्स बायकाही आहेत!

म्हणूनच कळकळीने सांगतो, मुद्दाम जास्त बायकी उत्तरं देऊ नका. गोंधळ असेल तर गोंधळ आहे म्हणा, तेही उत्तरच आहे. डीएसएम-५ नुसार (मानसिक आजार ओळखायचं अमेरिकन पुस्तक) डिस्फोरियाची ६ पैकी किमान २ लक्षणं, कमीत कमी ६ महिने, आणि त्याचा खरंच त्रास होतोय का किंवा कामात-घरात अडतंय का, हे बघतात. त्यामुळे जायच्या आधी वहीत लिहून काढा, पहिल्यांदा कधी जाणवलं, आरशात बघताना काय होतं, दाढी करताना काय वाटतं, घरात कुणाला माहितीये. समोर बसलं की निम्मं आठवत नाही हो. झोप लागत नसेल, मरावंसं वाटत असेल तर तेही लपवू नका, त्याने तुमची ओळख खोटी ठरत नाही, उलट त्यावर लगेच उपचार मिळतात.

१८ पूर्ण असतील तर आईवडिलांची सही लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचाही हक्क आहे आणि स्वतःचे रेकॉर्ड बघायचाही, तेव्हा रिपोर्टची कॉपी मागून घ्या आणि निघायच्या आधी तिथेच बसून वाचा, तुम्ही न बोललेलं काही लिहिलं असेल तर तेव्हाच विचारा.