४० टक्क्यांवर अचानक बंद पडणारा लॅपटॉप: दोष नेमका कुठे आहे ते कसे शोधावे

बॅटरी ४० टक्के दाखवतेय, काम चालू आहे आणि स्क्रीन एकदम काळी होते. आधी कसलीही सूचना येत नाही. या तक्रारीवर दोन ठरलेले सल्ले मिळतात: ‘बॅटरी कॅलिब्रेट करा’ (म्हणजे पूर्ण चार्ज करून, पूर्ण उतरवून टक्क्यांचा हिशेब जुळवून घ्या) किंवा ‘नवीन बॅटरी टाका’. दोन्ही कधी कधी बरोबर निघतात. पण दोष न शोधता पहिला पाळला तर दोन दिवस वाया जातात, आणि दुसरा पाळला तर पैसे. तपासणीला एखादी संध्याकाळ पुरते, तेव्हा ती आधी करा.

सगळ्यात आधी: फुगवटा

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतो का? टचपॅड वर उचलला गेलाय किंवा क्लिक होईनासा झालाय का? झाकण मिटल्यावर एका कडेला फट राहते का? यातले एक जरी दिसले तरी बॅटरी फुगली आहे असे धरून चला. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलायला द्या. खालची कुठलीही चाचणी अशा बॅटरीवर करायची नाही. टाचणी टोचून ‘हवा’ काढण्याचा सल्ला तर कोणीही दिला तरी ऐकू नका. आत जमलेला वायू पेट घेणारा असतो, आणि टोचल्यावर आतले थर एकमेकांना टेकून शॉर्ट होतात.

दोष बॅटरीचाच आहे ना?

पुऱ्या वॅटचा चार्जर लावा आणि ज्या कामात लॅपटॉप बंद पडतो तेच काम अर्धा तास करून बघा. चार्जरवरही तसाच बंद पडला तर आधी पंखा, धूळ, तापमान आणि मदरबोर्डकडे बघा.

चार्जरवर नीट चालत असेल तर विंडोजचा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. ‘विंडोज लॉग्ज’ खालच्या ‘सिस्टीम’मध्ये ‘कर्नल-पॉवर’ या नावाच्या नोंदी शोधा. ४१ क्रमांकाची नोंद म्हणजे विंडोज नीट बंद होण्याआधीच मशीन बंद पडले; बहुधा वीज मध्येच तुटली. (ही नोंद पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना पडते, त्यामुळे तिची वेळ थोडी नंतरची दिसते.) बंद पडण्याच्या वेळेला ४२ क्रमांकाची नोंद असेल तर विंडोजनेच मशीन झोपवले आहे. मग ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘क्रिटिकल बॅटरी लेव्हल’ चुकून ३०-४० टक्क्यांवर ठेवली गेली आहे का ते बघा. नेहमी ती ५ टक्क्यांच्या आसपास असते.

लॅपटॉप उचलताना किंवा मांडीवर सरकवतानाच बंद पडत असेल तर आतले बॅटरीचे कनेक्टर सैल असण्याची शक्यता मोठी. विशेषतः मशीन पडले असेल तर.

रिपोर्ट काढा, पण त्यावर फार विसंबू नका

कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ (पॉवर या शब्दाला सी, एफ, जी ही अक्षरे जोडून) लिहा, एक जागा सोडा, स्लॅश द्या आणि स्लॅशला चिकटवून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसते. ब्राउझरमध्ये ती उघडा.

‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. दुसरीला पहिलीने भागले की ‘आरोग्य’ निघते, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. ‘९० टक्के आहे, म्हणजे बॅटरी ठणठणीत’ हा निष्कर्ष अनेकदा चुकीचा असतो. तो आकडा बॅटरीतल्या चिपने बांधलेला अंदाज आहे, आणि ती चिपच चुकत असेल तर तिच्याच साक्षीवर निकाल कसा द्यायचा?

त्यापेक्षा ‘रिसेंट यूसेज’चा तक्ता बघा. समजा, एका ओळीत रात्री ९:१२, स्रोत बॅटरी, ४१ टक्के, १७,२२० मिलिवॅट-तास असे आहे. पुढची ओळ ९:३१ ची, स्रोत चार्जर. त्या दुसऱ्या ओळीत किती टक्के आहेत? पुन्हा ४० च्या आसपास असतील तर चिपला अजूनही वाटतेय की बॅटरीत बरेच काही शिल्लक आहे. २-३ टक्के असतील तर चिपला मधल्या काळात आपली चूक कळली. हा पुरावा नव्हे, खूण आहे. पण पुढच्या चाचणीत काय शोधायचे ते तिच्यावरून कळते.

खरी अवघड पायरी: चिप खोटे सांगतेय की सेल थकलाय?

स्क्रीनवरचा टक्का कोणी थेट मोजत नाही. बॅटरीतली चिप आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून हिशेब ठेवते. लॅपटॉप कायम चार्जरवर किंवा कायम ५०-८० टक्क्यांमध्ये फिरत राहिला की हिशेबातली छोटी चूक साठत जाते. हा झाला हिशेबाचा दोष, आणि कॅलिब्रेशनचा उपयोग फक्त यालाच होतो.

दुसरा दोष सेलचा, म्हणजे बॅटरीत एकत्र जोडलेल्या छोट्या घटकांपैकी एखाद्याचा. लिथियम-आयन सेल म्हातारा झाला की त्याची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. प्रवाह जितका जास्त ओढाल तितका व्होल्टेज खाली बसतो. प्रोसेसरने क्षणभर जोर लावला, प्रवाह ३ अँपिअरवर गेला आणि एका सेलचा रोध ०.३ ओहम झालेला असेल, तर त्या एका सेलचा व्होल्टेज ०.९ ने खाली येतो. ३.६ वर असलेला सेल २.७ वर. सुरक्षा सर्किट प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवते. एक सेल मर्यादेखाली गेला की ते सगळ्या बॅटरीचाच पुरवठा तोडते. बाकीचे सेल भरलेले असोत वा नसोत. लगेच लॅपटॉप पुन्हा सुरू केला की टक्के जवळपास तेवढेच दिसतात, कारण भार गेल्यावर व्होल्टेज परत वर येतो.

हे दोन्ही दोष बाहेरून सारखेच दिसतात. वेगळे ओळखायला व्होल्टेजच बघावा लागतो.

आधी बॅटरीवर छापलेला व्होल्टेज वाचा. बॅटरी आत असेल तर तिच्या मॉडेल क्रमांकावरून तो शोधता येतो. ७.२ ते ७.७ असेल तर दोन सेल ओळीने जोडलेले आहेत, १०.८ ते ११.५५ असेल तर तीन, १४.४ ते १५.४ असेल तर चार. मग ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यातला बॅटरीचा विभाग उघडा आणि नोंदी फाइलमध्ये साठवणे सुरू करा, म्हणजे लॅपटॉप बंद पडला तरी शेवटचे आकडे हाती राहतात. लिनक्सवर हाच आकडा बॅटरीच्या सिस्टीम फाइलींमध्ये मायक्रोव्होल्टमध्ये मिळतो, त्याला दहा लाखांनी भागा.

आता दोन फेऱ्या करा.

पहिली फेरी हलकी. पूर्ण चार्ज, स्क्रीन मंद, फक्त नोटपॅड उघडे, झोपण्याची वेळ ‘कधीच नाही’. बंद पडेपर्यंत तसाच चालू द्या. दुसरी फेरी पुन्हा पूर्ण चार्ज करून, पण जड कामावर: व्हिडिओ एक्सपोर्ट, गेम, जे काही प्रोसेसरला घाम फोडेल ते. दोन्ही वेळा शेवटच्या व्होल्टेजला सेलच्या संख्येने भागा.

हलक्या फेरीत ४०, ३०, २०, १० असे करत बॅटरी सरळ खाली उतरली आणि जड फेरीत मात्र ४० वर कोसळली, तर अंतर्गत रोध वाढलेला आहे. याची खात्री करायची तर ५० टक्क्यांच्या आसपास निवांत असतानाचा आणि पूर्ण भारावरचा व्होल्टेज ताडून बघा. तीन सेलच्या धडधाकट बॅटरीत हा फरक साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. एक व्होल्ट किंवा जास्त बसत असेल तर बॅटरीचे आयुष्य संपले.

हलक्या फेरीतही ४० वरच बंद पडली, आणि त्या वेळी दर सेलला ३.० ते ३.२ व्होल्ट होते, तर बॅटरी खरोखरच रिकामी झाली होती. टक्का खोटा होता. कॅलिब्रेशन करा.

हलक्या फेरीत ४० वर बंद पडली पण दर सेलची सरासरी ३.५ किंवा त्याहून वर, तर एखादा सेल इतरांच्या मागे पडला आहे. सरासरी चांगली दिसते, तो एकटा मात्र तळाला टेकलेला असतो. यावर घरी करण्यासारखा इलाज नाही. एकच सेल बदलून घ्या असे कोणी सुचवले तर साफ नकार द्या: जुन्या सेलच्या जोडीला नवा सेल बसवला की असमतोल आणखी वाढतो.

दोन इशारे. या चाचण्या थंडीत गारठलेल्या लॅपटॉपवर करू नका. गार सेलचा रोध आपोआपच वाढतो आणि चांगली बॅटरीही नापास होते. आणि व्होल्टेजचा आकडा दर काही सेकंदांनीच ताजा होतो, म्हणून क्षणिक घसरण नोंदीत पकडली गेली नाही तर गोंधळू नका. निवांत आणि भारावरच्या आकड्यांतला फरकच जास्त बोलका असतो.

कॅलिब्रेशन: एकदाच, पण नीट

दोष हिशेबाचा निघाला तरच हे करा.

१. ८० टक्क्यांची चार्ज-मर्यादा लावलेली असेल तर काढा. १०० टक्के करा आणि त्यानंतरही २ तास चार्जर लावून ठेवा.

२. चार्जर काढा. ‘क्रिटिकल लेव्हल’ ५ टक्के, आणि त्या वेळी ‘हायबरनेट’ (उघडे काम डिस्कवर साठवून मशीन बंद होणे). हलक्या कामावर बॅटरी उतरू द्या.

३. बंद पडल्यावर ५ तास हात लावू नका.

४. मग मध्ये न थांबता पूर्ण चार्ज करा.

तिसरी पायरी गाळल्यामुळेच बहुतेकांचे कॅलिब्रेशन फसते. प्रवाह थांबून सेल शांत झाल्यावरचा व्होल्टेजच त्यातला खरा साठा सांगतो, आणि चिप आपला हिशेब त्याच्याशी जुळवून घेते. बंद पडताक्षणी चार्जर खुपसला तर चिपला ती संधीच मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे लवकर उतरावी म्हणून गेम लावणे. त्याने व्होल्टेज बसून लॅपटॉप मधेच तुटतो आणि सगळी फेरी फुकट जाते.

कॅलिब्रेशननंतर रिपोर्टमधली ‘फुल चार्ज कपॅसिटी’ एकदम खाली आलेली दिसेल. बॅटरी बिघडली म्हणून घाबरू नका, आधीचा आकडा फुगवलेला होता. क्षमता परत आणण्याची ताकद कॅलिब्रेशनमध्ये नाही. दोन फेऱ्यांनंतरही फरक पडला नाही तर तिसरी करू नका, आणि ‘दर महिन्याला करा’ हा सल्ला तर अजिबात पाळू नका. दर वेळी तळापर्यंत उतरवल्याने सेल लवकर झिजतात.

नवी बॅटरी येईपर्यंत

‘क्रिटिकल लेव्हल’ लॅपटॉप कोसळतो त्याच्या दहा टक्के वर ठेवा आणि कृती ‘हायबरनेट’ ठेवा. ४० वर पडत असेल तर ५०. काम तरी वाया जाणार नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंग्जमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ दिसत असेल तर बॅटरीवर असताना ते ९९ टक्के करा. बहुतेक प्रोसेसरचा ‘टर्बो’ (गरजेला वेग वाढवण्याची सोय) त्याने बंद होतो, आणि व्होल्टेज खाली खेचणारे झटके तोच देत असतो. एवढ्या एका बदलाने रोध वाढलेली बॅटरी काही काळ तग धरू शकते. सेल मागे पडला असेल तर मात्र फारशी आशा नको.

बदलताना

पार्ट नंबर आणि व्होल्टेज तंतोतंत जुळले पाहिजेत; वॅट-तास थोडे जास्त असले तरी चालतात, बॅटरी जागेत बसली म्हणजे झाले. लॅपटॉप पूर्ण ‘शट डाउन’ करा, चार्जर काढा. बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना, विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) अंगभूत बॅटरी बंद करण्याची सोय असेल तर ती वापरा. कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवा, वायर धरून ओढू नका.

बसवल्यावर एकदा पूर्ण चार्ज करून रिपोर्ट काढा आणि जड फेरी त्याच दिवशी करून बघा. पडून राहिलेला जुना माल नव्या वेष्टनात आला असेल तर तो या फेरीत उघडा पडतो, आणि परत करण्याची मुदत अजून हातात असते. काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचऱ्यात द्या, घरच्या केराच्या डब्यात टाकू नका.