हेवीवेट जगज्जेत्याची कारकीर्द कशी अभ्यासावी

बॉक्सिंगमधील हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातील, जगज्जेत्याची थोरवी ठरवताना विजय-पराभवांच्या बेरजेपासून सुरुवात करू नका. त्याच्या सर्व लढती तारखेनुसार कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येक लढतीसमोर त्याचे वय, प्रतिस्पर्धी आणि निकाल कसा लागला हे लिहा. नुसती बेरीज फसवी असते. रॉकी मार्सियानो 49 पैकी 49 लढती जिंकून निवृत्त झाला आणि मुहम्मद अलीच्या नावावर 56 विजयांबरोबर 5 पराभव आहेत, पण एवढ्यावरून अलीला कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते.

अलीचीच यादी सरावासाठी घ्या आणि आधी पराभव पाहा. 1971 मध्ये जो फ्रेझरच्या डाव्या हूकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) तो पंधराव्या फेरीत पाठीवर कोसळला, तरी लगेच उठला आणि गुणांवर हरला. 1973 मध्ये केन नॉर्टनविरुद्ध त्याचा जबडा मोडला, तरी तो शेवटच्या फेरीपर्यंत उभा राहिला. 1978 मध्ये त्याने लिऑन स्पिंक्सकडून किताब गमावला. यादीत खाली सरकलात की या तिघांनाही त्याने नंतर हरवल्याचे दिसते. उरलेले दोन पराभव 38व्या आणि 39व्या वर्षीचे आहेत, म्हणून ते वेगळ्या रकान्यात ठेवा.

मग रिकामी वर्षे शोधा. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे अलीचा किताब आणि लढण्याचा परवाना काढून घेण्यात आला आणि मार्च 1967 ते ऑक्टोबर 1970 या काळात, म्हणजे ऐन उमेदीत, तो एकही लढत लढला नाही. तोवर तो 29 लढतींत अपराजित होता.

अलीकडच्या विजेत्यांबाबत किताब कोणत्या संघटनेचा होता हेही नोंदवा, कारण आज चार प्रमुख संघटना आपापला जगज्जेता ठरवतात.

शेवटी प्रतिस्पर्धी त्या दिवशी किती भरात होता ते तपासा. 1974 मध्ये आफ्रिकेतील किन्शासा शहरात अलीसमोर आलेला जॉर्ज फॉरमन 40 लढतींत अपराजित होता आणि फ्रेझर व नॉर्टन या दोघांनाही त्याने दोन-दोन फेऱ्यांत गारद केले होते. त्या लढतीचे चित्रीकरण अवश्य पाहा: 32 वर्षांचा अली दोरांना टेकून ठोसे हातांवर झेलत राहतो, फॉरमनचे हात फेरीगणिक जड होत जातात आणि आठव्या फेरीत अली त्याला खाली पाडतो.